भरपावसातलं प्रोजेक्ट

प्रोजेक्टचे विषय ठरवायची वेळ आली की सगळीकडे एकच यादी फिरते. अंधार पडला की पेटणारा रस्त्यावरचा दिवा, माणूस जवळ आला की उघडणारी कचरापेटी, काळ्या रेघेवरून धावणारी गाडी, बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप. हात बसवायला हे विषय चांगले आहेत. पण नागपूरला चालते तीच यादी कोल्हापूरला चालते आणि तीच लोणावळ्यालाही. आपण कुठे राहतो याचा तिच्यात मागमूस नसतो.

मावळातल्या मुलांनी मावळाची यादी करावी. माझ्या वहीतली अशी आहे: भुशी धरणाच्या वरच्या अंगाच्या ओढ्याची पातळी. पवनानगरच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमधली रात्रीची आर्द्रता. भातखाचरात किती बोटं पाणी आहे ते. आंदर मावळातल्या वाडीची टाकी भरली की नाही. घाटातलं धुकं. शाळेच्या आवारात पडलेला पाऊस.

शेवटचा विषय दिसायला सगळ्यांत साधा आहे. या वहीतली बरीच टिपणं त्याच्याच भोवती जमली आहेत.

*

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला तीसेक किलोमीटरवर तळेगावात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही पडत नाही. तालुका एकच, मावळ. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि कड्यावरच रिकामे होतात. पुढे सरकतं ते उरलंसुरलं पाणी.

राज्याच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळागणिक एक स्वयंचलित हवामान केंद्र आहे. सोय मोठी आहे, पण एकाच मंडळात कडाही असतो आणि सपाटीही. एका केंद्राचा आकडा दोन्हीकडे लावायचा कसा? पवन, नाणे आणि आंदर या तिन्ही मावळ खोऱ्यांतल्या शाळांनी आपापल्या आवारात एकाच मापाचं पर्जन्यमापक बसवलं, तर पाच-दहा वर्षांत जो नकाशा तयार होईल तो अभ्यासकांनाही हवासा वाटेल.

*

पर्जन्यमापकाचं गणित. सोळा सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं घेतलं की तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ बरोबर २०० चौरस सेंटिमीटर येतं. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे २० मिलिलिटर पाणी. नरसाळ्याखाली एका आसावर झुलणारी दोन खणांची बादली असते. एक खण भरला की ती कलंडते, तो खण रिकामा होतो आणि दुसरा नरसाळ्याखाली येतो. खण ४ मिलिलिटरला कलंडेल असा लावला, तर एक कलंडणं म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस.

बादलीला एक छोटं चुंबक चिकटवायचं आणि शेजारी रीड स्विच बसवायचा. काचेच्या नळीतल्या दोन पातळ पट्ट्या चुंबक समोरून गेलं की क्षणभर चिकटतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूने पाहिलं तर सगळं यंत्र म्हणजे एक बटण आहे. पाऊस ते दाबतो आणि आपण मोजतो.

*

पण त्या बटणापाशीच पहिला धडा मिळतो. बादली एकदा कलंडते आणि स्क्रीनवर आकडा एकदम पाच-सातने वाढतो. धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आपटून काही मिलिसेकंद थरथरतात. मायक्रोकंट्रोलर इतका चपळ असतो की प्रत्येक थरथर त्याला वेगळं कलंडणं वाटते.

उपाय दोन आहेत. स्विचला १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर जोडला की सुमारे शंभर मिलिसेकंदांच्या आतली थरथर दबून जाते. किंवा कोडमध्ये सांगायचं की एकदा मोजल्यावर पुढचे २०० मिलिसेकंद काही मोजू नकोस. बादलीला कलंडायलाच अर्धा सेकंद लागतो, त्यामुळे खरं कलंडणं यात निसटत नाही. मुलांनी दोन्ही उपाय करून पाहावेत. हार्डवेअरने सोडवायचं काय आणि कोडने सोडवायचं काय, हा इलेक्ट्रॉनिक्समधला रोजचा निर्णय आहे. तो पुस्तकात वाचून येत नाही.

*

तपासणी. एक लिटरची बाटली, मेडिकलमधून आणलेली सलाईनची नळी आणि तिच्यावरचं ते छोटं चाक. चाकाने धार बारीक करायची आणि पूर्ण लिटर नरसाळ्यात थेंबथेंब सोडायचं. गणिताने २५० वेळा बादली कलंडायला हवी. प्रत्यक्षात २३८ येतील किंवा २६१. मग बादलीखालचे दोन स्क्रू थोडे वरखाली करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

यात एक अख्खी दुपार जाते. एक मुलगा बाटलीकडे बघत बसतो, एक मुलगी स्क्रीनवरचा आकडा वहीत उतरवत राहते आणि खोलीत टप्प-टप्प एवढाच आवाज असतो. माझ्या मते प्रोजेक्टमधली ही सगळ्यांत मोलाची दुपार. आपलं यंत्र खरं बोलतं की खोटं, हे त्यांनी स्वतः शोधलेलं असतं.

*

आणखी एक बारकावा, खास लोणावळ्याचा. बादली कलंडत असते तेव्हा वरून येणारं थोडं पाणी कुठल्याच खणात मोजलं जात नाही. रिमझिमीत हा तोटा नगण्य असतो. पण ताशी १०० मिलिमीटरने पाऊस कोसळत असेल तर तासाला ५०० वेळा, म्हणजे दर सातेक सेकंदांनी बादली कलंडते आणि अर्धा-अर्धा सेकंद वाया जात राहतो. म्हणून मुसळधार पावसात हे यंत्र नेहमी थोडं कमीच सांगतं. तपासणी बारीक धारेने एकदा आणि मोठ्या धारेने एकदा अशी दोनदा करावी, दोन्ही आकडे नोंदवावेत आणि दुरुस्ती कोडमध्ये घालावी. कोरड्या मुलखासाठी लिहिलेल्या सूचनांत हे सापडणार नाही.

*

हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं आणि तिथून तिथपर्यंतचे २४ तास धरतं. आपली नोंदही साडेआठ ते साडेआठच ठेवावी, नाहीतर तुलना करता येत नाही. ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ या खात्याच्या पायऱ्या आहेत.

वेळेसाठी घड्याळाची आयसी नीट निवडावी. डीएस ३२३१ वर्षाला मिनिटभराच्या आत-बाहेर चुकते. तिच्याहून स्वस्त मिळणाऱ्या आयसी थंडी-उन्हाने याहून बऱ्याच अधिक भरकटतात. नरसाळ्यापासून जवळचं झाड किंवा भिंत निदान स्वतःच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असावी. गच्चीवर वारा थेंब पळवतो, म्हणून मोकळं मैदान केव्हाही बरं.

*

मोजण्याची परंपरा लोणावळ्याला नवी नाही. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम ही योगाचा अभ्यास करणारी संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. योगाचे फायदे सांगणारे पुष्कळ होते. यांनी उपकरणं आणली. क्ष-किरणांची छायाचित्रं घेतली. नौली ही पोटाची क्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे मॅनोमीटर लावून पाहिलं आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचं, माधवदास महाराजांचं नाव दिलं.

श्रद्धा होतीच, तरी मोजल्याशिवाय लिहायचं नाही हा नेम त्यांनी पाळला. लोणावळ्यात प्रोजेक्ट करणाऱ्या प्रत्येक गटाने एकदा तिथे जाऊन यावं.

*

खरेदी. लोणावळ्याहून लोकलने पुणे गाठायचं आणि बुधवार पेठेत पासोड्या विठोबापासून तपकीर गल्लीपर्यंत पायी फिरायचं. ऑनलाइन मागवता येतं हे खरं, पण दुकानात उभं राहिल्यावर जे कळतं ते पडद्यावर कळत नाही. काउंटरवरचा माणूस विचारतो, “पाव वॅट की अर्धा वॅट?” आणि यादी करताना आपण काय विसरलो ते तिथल्या तिथे लक्षात येतं.

दोन सूचना. ज्या भागाचा डेटाशीट वाचलेला नाही तो घेऊ नये. आणि रीड स्विच, ट्रान्झिस्टर, डायोड हे किरकोळ भाग दुपटीने घ्यावेत. रीड स्विचची काच पाय वाकवताना हमखास तडकते. पाय काचेजवळ चिमट्याने धरायचा आणि चिमट्याच्या पलीकडे वाकवायचा.

*

ब्रेडबोर्डवर चाललं म्हणजे झालं, असं समजून थांबणारे गट फार. ब्रेडबोर्ड विचार करण्यासाठी आहे. जंपर वायरचं टोक हललं की सर्किट मरतं, आणि प्रदर्शनाला नेताना लोकलच्या गर्दीत ते हलतंच. पुढची पायरी झीरो पीसीबीवर सोल्डरिंगची. त्यानंतर स्वतः काढलेला पीसीबी.

सोल्डरिंग शिकवताना एवढंच सांगायचं: टोकाने आधी पाय आणि तांब्याचा ठिपका दोन्ही तापवा, मग सोल्डर ठिपक्याला लावा, टोकाला नको. चांगला जोड चमकदार असतो आणि पायाच्या कडेने निमुळता उतरतो. गोळ्यासारखा फुगला असेल तर आत तो चिकटलेलाच नाही. मल्टीमीटर बीप करेल, तरीही महिनाभराने हाच जोड दगा देईल.

*

ओढ्याचं पाणी वाढल्यावर सायरन वाजवायचा असेल तर मायक्रोकंट्रोलरची पिन थेट रिलेला जोडू नये. पाच व्होल्टच्या नेहमीच्या रिलेची कॉईल सत्तरेक मिलिअँपिअर ओढते आणि आर्दुइनो उनोची पिन कमाल चाळीसच देऊ शकते. मध्ये एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला एक किलोओहमचा रेझिस्टर आणि कॉईलला उलटा जोडलेला १एन ४००७ डायोड. कॉईल बंद होताना उलट्या दिशेने मोठा व्होल्टेज उसळतो. डायोड नसेल तर तो ट्रान्झिस्टरला मारतो.

व्हायवाला हा डायोड का, असं विचारलं की निम्मे गट गप्प होतात. ज्यांनी एक ट्रान्झिस्टर जाळला आहे ते खणखणीत सांगतात.

*

पावसाळ्यात सौरऊर्जा. जाहिरातीत पॅनेल नेहमी उन्हात असतो. लोणावळ्यात जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि यंत्राची गरज नेमकी तेव्हाच असते. म्हणून पॅनेल मोठा घेण्याआधी खर्च कमी करावा.

ईएसपी ३२ या मायक्रोकंट्रोलरची नुसती चिप गाढ झोपेत काही मायक्रोअँपिअरवर भागवते, पण बाजारात मिळणाऱ्या बोर्डावरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि तो लाल दिवा कित्येक मिलिअँपिअर खात राहतात. सर्किट सरासरी २० मिलिअँपिअर ओढत असेल तर २५०० मिलिअँपिअर-तासांचा एक सेल पाच दिवसांत संपतो. तेच ओढणं अर्ध्या मिलिअँपिअरवर आणलं तर हिशेबाने दोनशे दिवस निघतात. सगळा पावसाळा एका सेलवर! लाल दिव्याचा रेझिस्टर उपटून काढणं ही या कामाची सुरुवात.

*

डबा. पाणी वरून शिरतं त्यापेक्षा वायरीच्या भोकातून जास्त शिरतं. म्हणून भोकं नेहमी डब्याच्या तळाला, केबल ग्लँड लावून, आणि वायर आत जाण्याआधी खाली झोळ देऊन वर वळवलेली. पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकून जातं.

घट्ट बंद डब्यातही दिवसाच्या उबेनंतर रात्री आतल्या आत दव धरतं. सिलिका जेलची पुडी ठेवावी, ती महिन्याने बदलावी आणि पीसीबीवर संरक्षक लेपाचा स्प्रे मारावा. मुंग्यांना उबदार कोरडा डबा आवडतो. त्यांच्यासाठी दुसरा उपाय नाही, एकही फट ठेवायची नाही.

*

नेटवर्क. दऱ्याखोऱ्यांत मोबाईलचा सिग्नल एका वळणावर असतो आणि पुढच्या वळणावर नसतो. अशा ठिकाणी लोरा रेडिओ उपयोगी पडतो. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. वेग फार कमी, पण ‘०.२ मिलिमीटर, ४१ वेळा, बॅटरी ३.९’ एवढंच सांगायला वेग हवाय कशाला?

मधे डोंगर नसेल तर काही किलोमीटरवर निरोप पोचतो. म्हणून यंत्राची जागा ठरवण्याआधी नकाशावर उंचीच्या रेषा बघाव्या लागतात. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले बांधणाऱ्यांनी कुठून काय दिसतं याचा विचार आधीच करून ठेवलेला आहे.

*

३० जून २०२४. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पाणी अचानक वाढलं आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५. कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चौघांचा जीव गेला.

या दोन तारखा मावळातल्या प्रत्येक प्रोजेक्टच्या वहीत पहिल्या पानावर असाव्यात.

ओढ्याच्या वरच्या अंगाला पातळी मोजणारं यंत्र आणि खाली सायरन, हा विषय तेव्हापासून दरवर्षी कुणी ना कुणी घेतं. घ्यायलाच हवा. पण हिशेब समजून. पाणी सेकंदाला अडीच मीटरने येत असेल आणि यंत्र ५०० मीटर वर असेल, तर हातात २०० सेकंद मिळतात. निरोप जायला, सायरन वाजायला, लोकांना कळायला आणि निसरड्या दगडांवरून लहान मुलांना घेऊन काठावर यायला मिळून एवढेच. यंत्र जितकं वर तितका वेळ जास्त, पण सिग्नलही तितकाच कठीण.

*

त्याच यंत्राचं पुढे. ध्वनिलहरींचा सेन्सर आवाज जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. वीस अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि तापमान दहा अंशांनी बदललं की तो सहा मीटरने बदलतो. तीन मीटरवरचं पाणी मोजताना यामुळे पाच सेंटिमीटरची चूक होते. म्हणून शेजारी तापमानाचा सेन्सर हवा आणि डोळ्यांनी वाचता येईल अशी रंगवलेली पट्टीही हवी.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गप्प यंत्राचा अर्थ काय घ्यायचा? धोका नाही म्हणून गप्प, की सेल संपला म्हणून गप्प? यंत्राने दर काही मिनिटांनी ‘मी चालू आहे’ असा निरोप द्यायलाच हवा. तो आला नाही तर खालचा दिवा लाल झाला पाहिजे. बिघाड झाला तर सावधगिरीच्या बाजूला झुकायचं. माणसांच्या जिवाशी संबंध असलेल्या प्रत्येक सर्किटचा हा नियम आहे.

पहिला पावसाळा सायरन जोडू नये, नुसत्या नोंदी घ्याव्यात. त्या नोंदी घेऊन लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रच्या बचावकार्यकर्त्यांकडे जावं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन तालुक्यातच, सुदुंबऱ्याला आहे. ओढा किती वेळात चढतो, लोक कुठे उभे राहतात, सायरन ऐकून कुठल्या दिशेला धावतात, हे या लोकांनी पाहिलेलं असतं. त्यांच्याशी बोलल्यावर सर्किट बदलतं.

*

खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथे पाणी अडवलं, नळातून पाचशे मीटरहून अधिक खाली घाटाच्या पायथ्याशी सोडलं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. सेकंदाला एक घनमीटर पाणी पाचशे मीटर खाली आलं, तर काही वाया न जाता ४.९ मेगावॉट वीज मिळते.

हेच सूत्र वाडीच्या ओढ्याला लावून पाहावं. सेकंदाला एक लिटर पाणी, दहा मीटर उतार: ९८ वॉट. पाईप, चाक आणि जनित्रातला तोटा धरून निम्मी हाती लागली तरी चार-सहा एलईडी दिवे आणि मोबाईल चार्ज करण्याएवढी. पावसाळ्याचे चार महिने, रात्रंदिवस. पुण्याच्या कॉलेजांना असा ओढा मिळत नाही.

*

तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती: प्रत्येकाने देशी उद्योगासाठी वर्षाला एक पैसा द्यायचा. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं. कारखान्याची धुरा सांभाळायला ईश्वरदास वार्ष्णेय आले, जपानमध्ये आणि अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेले. तिथे काचेबरोबर कारागीरही तयार झाले.

दुसरी गोष्ट पाबळची, याच जिल्ह्यातली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती, आरोग्य हे सगळं हाताने करत शिकायचं आणि गावाला सेवा पुरवायची. २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. जवळजवळ शंभर वर्षांच्या अंतराने बोस्टनजवळची तीच संस्था पुणे जिल्ह्यातल्या दोन लहान गावांशी जोडली गेली. तळेगावला काच फुंकण्याच्या निमित्ताने आणि पाबळला सर्किटच्या. दोन्ही वेळा ज्ञान बाहेरून आलं, पण गरज आणि हात इथले होते.

*

‘स्वयम्’. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास एक छोटा उपग्रह बांधायला घेतला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोभर. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी ३४ ने श्रीहरिकोटाहून एकाच झेपेत वीस उपग्रह नेले, त्यांतला हा एक. दिशा सांभाळायला त्यात मोटर नव्हती. आतलं चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून उभं राहायचं, वीज न खाता.

सुरुवात करणारी मुलं केव्हाच पदवी घेऊन निघून गेली होती. तरीही काम चाललं, कारण एका तुकडीने पुढच्या तुकडीकडे ते सोपवलं. आपल्याकडे दर जूनला प्रत्येक गट शून्यातून सुरू करतो आणि मेमध्ये सगळं कपाटात जातं. गेल्या वर्षीच्या गटाचं पर्जन्यमापक यंदाच्या गटाने सुधारायला घेतलं तर गाईडने त्याला पूर्ण गुण द्यावेत.

*

गुलाब. १४ फेब्रुवारीच्या आधी मावळातली पॉलिहाऊसं दिवसरात्र जागी असतात. शेतकऱ्याला भीती डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांची. पानांवर ओल किती तास टिकली यावर पुष्कळ काही ठरतं.

इथे डीएचटी ११ चालणार नाही. तापमानात दोन अंश आणि आर्द्रतेत पाच टक्के इकडेतिकडे होणारा सेन्सर पहाटेची ९३ आणि ९८ टक्के वेगळी सांगू शकत नाही. महागाचा सेन्सर घ्यावा आणि शेजारी दोन काचेचे थर्मामीटर टांगावेत, एकाच्या फुग्याला ओलं मलमल. कोरड्या आणि ओल्यातल्या फरकावरून आर्द्रता कोष्टकात पाहायची. शेतकऱ्यालाही हा पडताळा पटतो. त्याचा विश्वास बसला तरच तो मोबाईलवरचा आकडा पाहून खिडकी उघडेल.

*

तयार प्रोजेक्ट विकत मिळतात. सर्किट, कोड, अहवाल आणि व्हायवाची प्रश्नोत्तरंसुद्धा. मुलं आळशी असतात म्हणून घेतात, असं मला वाटत नाही. बहुतेकांना वाटतं की आपल्याला जमणार नाही, आणि तसं त्यांना वाटू दिलेलं असतं. शाळेत एकही वस्तू उघडून पाहिलेली नसते.

याला इलाज वरच्या वर्गांत नाही, आठवीत आहे. बंद पडलेला रेडिओ, जुना चार्जर, बिघडलेला पंख्याचा रेग्युलेटर मुलांच्या हातात द्यावा आणि उघडू द्यावा. अटल टिंकरिंग लॅब जिथे आहे तिथे कपाटाची किल्ली मुलांकडेही असावी.

*

वही. प्रत्येक गटाला एक बांधलेली वही, सुटे कागद नकोत. रोज तारीख, काय केलं, काय झालं. सर्किटची आकृती पेनाने, खोडरबर नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. ‘आज काही झालं नाही’ हीसुद्धा नोंद आहे. व्हायवाला परीक्षकांनी आधी ही वही मागवावी आणि अहवाल नंतर.

*

२८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली: ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि शाळा-कॉलेजांची मुलं आपापली प्रोजेक्ट घेऊन येतात. बघायला आजूबाजूच्या गावांतले शेतकरी, बायका, म्हातारी माणसं गर्दी करतात.

तिथे उभं राहणं ही खरी व्हायवा. नऊवारीतली आजी विचारते, “याचा उपयोग काय रं बाळा?” आणि उत्तर तिच्या शेताशी जोडून द्यावं लागतं. मावळातल्या गटांनी ती तारीख डोळ्यांपुढे ठेवून काम आखावं.

*

शिक्षकांना एक विनंती. या वर्षी एका तरी गटाला पर्जन्यमापक करायला लावा. सोळा सेंटिमीटरचं नरसाळं, एक बादली, एक चुंबक, एक रीड स्विच. मे संपायच्या आत ते जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात पक्कं बसवा, तपासणीची वही तिथल्या गुरुजींकडे द्या आणि सातवीतल्या दोन मुलांना सेल कसा बदलायचा ते दाखवा. पहिला पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. तोवर यंत्र चालू असलं पाहिजे.